बिल वाढते ते दाखल होण्याच्या दिवशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यातील एका गावचे ६८ वर्षांचे गृहस्थ अंगणात पाय घसरून पडले आणि त्यांचे मांडीचे हाड खुब्याजवळ मोडले. मुलाने त्यांना बेळगावातील एका खासगी इस्पितळात नेले. "दीड लाखाच्या आत होईल," असे तेथे तोंडी सांगण्यात आले. सहा दिवसांनी हाती आले ते २,२६,५०० रुपयांचे बिल. तीन लाखांचा आरोग्य विमा असूनही कंपनीने १,४१,८०० रुपयेच मंजूर केले आणि उरलेले ८४,७०० रुपये आईच्या पाटल्या सोसायटीत तारण ठेवून भरावे लागले. मुलगा विचारतो, की ही फसवणूक आहे का, यातील काही परत मिळेल का, आणि कोल्हापूरला गेलो असतो तर बरे झाले असते का.

बेळगावातील इस्पितळांच्या बिलिंग आणि विमा विभागांत मी बावीस वर्षे काम केले आहे आणि आता लोकांची बिले व विम्याची कागदपत्रे पाहून देतो. तुम्ही पाठवलेले बिल, कंपनीचे मंजुरीपत्र आणि पॉलिसीची प्रत मी ओळीओळीने वाचली. कापलेल्या ८४,७०० रुपयांपैकी २७,५०० रुपये कंपनीने नियमाविरुद्ध कापले आहेत, असे माझे मत आहे, आणि ते परत मागता येतील. आणखी काही हजार रुपये इस्पितळाकडून नीट तपशील घेतल्यास मिळण्याजोगे आहेत. उरलेली रक्कम मात्र गेली. ती गेली डिस्चार्जच्या दिवशी नव्हे, तर पहिल्या रात्री दाखल करताना, खोली निवडली त्या क्षणी.

तुमच्या पॉलिसीत खोलीच्या भाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये आहे. तुम्ही ४,५०० रुपयांची स्वतंत्र खोली घेतली. वडील वेदनेने कण्हत असताना, रात्री साडेदहा वाजता, "जनरल वॉर्डात गर्दी आहे, स्वतंत्र खोली घ्या," असे कोणी म्हटले तर कोणताही मुलगा ती घेईल, त्यात तुमची चूक नाही. पण तुम्हाला वाटले, की दिवसाचे वरचे पंधराशे रुपये, सहा दिवसांचे नऊ हजार, आपण खिशातून भरू आणि विषय संपेल. तो तेथे संपत नाही. पात्रतेपेक्षा महाग खोली घेतली की विमा कंपनी केवळ भाड्यातील फरक कापत नाही. शस्त्रक्रियेचे शुल्क, भूल, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या भेटी, परिचर्या हे सारे त्याच प्रमाणात खाली आणते. तुमचे प्रमाण ४,५०० ला ३,०००, म्हणजे दोन तृतीयांश. शस्त्रक्रिया, भूल व थिएटर मिळून ८४,००० आणि डॉक्टरांच्या भेटी व परिचर्या यांचे १९,२०० अशा १,०३,२०० रुपयांतून ३४,४०० रुपये कापले गेले. भाड्यातील ९,००० त्यात मिळवा. दिवसाला पंधराशे रुपये जास्त देण्याची ती निवड तुम्हाला ४३,४०० रुपयांना पडली. ही कपात पॉलिसीत लिहिलेली आहे, त्यामुळे तिच्याविरुद्ध तक्रार करून फारसे हाती लागणार नाही. एकच वाट उरते. खोली बदलली तरी शस्त्रक्रियेचा दर बदलत नाही, अशी इस्पितळाची दरपद्धती असेल, तर ही प्रमाणशीर कपात करता येत नाही. म्हणून इस्पितळाचे छापील दरपत्रक मागून घ्या आणि जनरल, सेमी-प्रायव्हेट व प्रायव्हेट या तिन्ही रकान्यांत तुमच्या शस्त्रक्रियेचा दर वेगवेगळा आहे का, ते पाहा. बहुतेक मोठ्या इस्पितळांत तो वेगळा असतो, पण पाहिल्याशिवाय सोडू नये.

आता ज्या २७,५०० रुपयांबद्दल मी ठामपणे बोलतो, त्यांचा हिशेब. कंपनीने हाडात बसवलेल्या इम्प्लांटचे ३६,०००, औषधांचे २८,८०० आणि तपासण्या व एक्स-रे यांचे १७,७०० हेही त्याच दोन तृतीयांशाने कमी केले आहेत. हे चूक आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०२० मध्ये स्पष्ट केले, की प्रमाणशीर कपात औषधे व वापराच्या वस्तू, इम्प्लांट व वैद्यकीय उपकरणे आणि रोगनिदानाच्या तपासण्या यांना लावता येत नाही. अतिदक्षता विभागाच्या शुल्कालाही लावता येत नाही. कारण उघड आहे. गोळीची किंवा खिळ्याची किंमत खोलीनुसार बदलत नाही. तुमची पॉलिसी २०२२ मध्ये घेतलेली असल्याने हा नियम तिला लागू आहे. या तिन्ही रकमांची बेरीज ८२,५०० आणि तिचा एक तृतीयांश २७,५००. अशी कपात मी इतक्या फायलींत पाहिली आहे, की ती एखाद्या कारकुनाची नजरचूक आहे, यावर माझा विश्वास उरलेला नाही. गुणोत्तर संपूर्ण बिलाला सरसकट लावले जाते, आणि शंभरांतील फार थोडे लोक मंजुरीपत्राचे दुसरे पान वाचतात, म्हणून ते टिकते.

उरलेले १३,८०० रुपये 'देय नसलेल्या बाबी' म्हणून कापले आहेत. त्यांतील २,४०० हे नोंदणी व प्रशासकीय शुल्क आहे. ते सोडून द्या. राहिलेल्या ११,४०० मध्ये हातमोजे, डायपर, ईसीजीचे इलेक्ट्रोड, क्रेप बँडेज अशा वस्तू आहेत, ज्या नियामकाच्या ऐच्छिक बाबींच्या यादीत येतात आणि पॉलिसीत वेगळे संरक्षण घेतलेले नसेल तर कंपनी त्यांचे पैसे देत नाही. परंतु त्यांतच 'ऑर्थो किट' या दोन शब्दांसमोर ६,९०० रुपये लिहिलेले आहेत. त्याच यादीत तपशील न दिलेले कोणतेही किट देय नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे पैसे नाकारले गेले ते आत काय आहे, हे लिहिले नाही म्हणून. इस्पितळाच्या बिलिंग विभागाला लेखी अर्ज करा आणि त्या किटमधील प्रत्येक वस्तूचे नाव, संख्या व किंमत मागा. त्यातील काही वस्तू देय निघतील, आणि काही अशा निघतील, ज्या थिएटरच्या शुल्कातच धरायला हव्या होत्या आणि ज्यांचे वेगळे पैसे तुमच्याकडून घ्यायलाच नको होते. किटच्या नावाखाली रक्कम लिहिण्याची ही पद्धत मला नोकरीत असतानाही पटली नव्हती. एकदा मी एका किटचा तपशील मागवला, तेव्हा त्यातील चार वस्तू औषधांच्या बिलातही दुसऱ्यांदा लागल्याचे आढळले. रुग्णाला पैसे परत दिले गेले, पण ती विचारणा रुग्णाने केली नव्हती आणि तो ती करूही शकला नसता, कारण बिल इंग्रजीत होते आणि तो चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला शेतमजूर होता.

औषधांच्या २८,८०० रुपयांबाबत एक गोष्ट अजून तपासण्यासारखी आहे. वॉर्डातून मेडिकलकडे जी मागणी जाते, तिला आम्ही इंडेंट म्हणतो. शस्त्रक्रियेच्या दिवशी इंडेंट सढळ हाताने लिहिला जातो, कारण ऐनवेळी काही कमी पडू नये, आणि ते योग्यच आहे. न वापरलेली औषधे मग मेडिकलला परत जायला हवीत आणि बिलातून वजा व्हायला हवीत. तुमच्या बिलात परतीची एकही नोंद नाही. सहा दिवसांच्या हाडाच्या शस्त्रक्रियेत एकही इंजेक्शन परत गेले नाही, हे मला अशक्य नाही, पण विरळा वाटते. परिचारिकांच्या औषधपत्रकाची प्रत मागा आणि त्यावर सही करून दिलेली इंजेक्शने बिलातील संख्येशी ताडून पाहा. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागणी केल्यापासून ७२ तासांत डॉक्टरांनी वैद्यकीय नोंदी दिल्या पाहिजेत, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत आहे. म्हणून "रेकॉर्ड रूमचे कारकून सुट्टीवर आहेत" हे उत्तर स्वीकारू नका. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

इम्प्लांटबद्दल लोकांच्या मनात एक गैरसमज आहे. हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने मर्यादा घातली, तेव्हा औषध लावलेल्या स्टेंटसाठी २९,६०० आणि साध्यासाठी ७,२६० रुपये ही कमाल किंमत ठरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यालाही मर्यादा आली. त्यामुळे प्रत्येक इम्प्लांटला अशी मर्यादा आहे, असे समजले जाते. मोडलेल्या हाडाच्या खिळ्याला तशी ठरलेली कमाल किंमत नाही. वर्षाला छापील किंमत दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, एवढेच बंधन आहे. छापील किंमत मुळातच किती ठेवावी, हा उत्पादकाचा प्रश्न, आणि इस्पितळ ती पूर्ण लावते. खरेदीची किंमत तिच्यापेक्षा बरीच कमी असते, हे मी माझ्या अनुभवावरून सांगू शकतो. म्हणूनच शस्त्रक्रियेआधी "कोणत्या कंपनीचा, कोणत्या धातूचा, आणि यापेक्षा कमी किमतीचा चालेल का," हे शल्यविशारदांना थेट विचारावे. बहुतेक डॉक्टर प्रामाणिक उत्तर देतात. आता निदान केसपेपरवर इम्प्लांटचे स्टिकर चिकटवलेले आहे का आणि त्यावरील क्रमांक बिलाशी जुळतो का, ते पाहून घ्या.

तोंडी अंदाजाचा प्रश्न त्रासदायक आहे, कारण तुमच्याकडे पुरावा नाही. कर्नाटकात खासगी वैद्यकीय आस्थापनांचा २००७ चा कायदा आहे आणि त्याच्या नंतरच्या दुरुस्तीने रुग्णांच्या हक्कांची सनद त्यात आली. दर दर्शनी भागात लावणे, उपचारांच्या खर्चाचा अंदाज देणे, तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम मागून न अडवणे, आणि मृताचे शव थकबाकीसाठी अडवून न ठेवता नातेवाइकांच्या ताब्यात देणे, ही बंधने इस्पितळावर आहेत. तक्रार ऐकणारे प्राधिकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते आणि जिल्हा आरोग्य अधिकारी त्याचे सदस्य-सचिव असतात, म्हणजे अर्ज बेळगावातच द्यायचा आहे. तुम्ही दीड लाखाचा कागद घेतला असता, तर ही तक्रार बळकट झाली असती. तरीही बिल पाऊण लाखाने का वाढले, याचा लेखी खुलासा मागण्याचा अधिकार तुमचा आहे.

येथे इस्पितळाच्या बाजूचीही गोष्ट सांगितली पाहिजे, कारण मी त्या टेबलामागे बसलो आहे. सरकारी योजनांचे पॅकेज दर अनेक शस्त्रक्रियांना पुरत नाहीत आणि ती देयके महिनोन्‌महिने अडकतात. विमा कंपन्या मंजूर झालेली रक्कमही उशिरा देतात. ती तूट रोख भरणाऱ्या आणि महाग खोली घेणाऱ्या रुग्णावर पडते. प्रत्येक मोठे बिल म्हणजे लूट, असे मी म्हणत नाही. पण ज्याच्यावर ही तूट पडते, त्याला ती समजावून सांगितली जात नाही, आणि तो पाटल्या घेऊन सोसायटीत जातो, याचे मला आजही वाईट वाटते.

आता जी गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, पण कागदपत्रांत दिसते. वडिलांच्या नावाचे बीपीएल रेशन कार्ड आहे. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक या योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात; एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेवरील कुटुंबाला पॅकेज दराच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखांपर्यंत. मोठ्या उपचारांसाठी आधी सरकारी रुग्णालयात जावे लागते आणि तेथे सोय नसेल तर ते पुढे पाठवण्याचे पत्र देतात. ठरावीक तातडीच्या उपचारांना मात्र पत्राची गरज नसते. तुमच्या वडिलांना थेट खासगी इस्पितळात न नेता बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात नेले असते, तर एक तर तेथेच शस्त्रक्रिया झाली असती किंवा पत्र मिळाले असते. दाखल करताना कार्ड दाखवले नाही आणि रोख किंवा विम्याने बिल भरले, तर नंतर ही योजना पैसे परत करत नाही. ऊस किंवा भात घालणाऱ्या आपल्या बहुतेक घरांत कोणी ना कोणी कृषी पत्तीन, म्हणजे शेती पतपुरवठा सोसायटीचा सभासद असतो. अशा सहकारी सभासदांसाठीची यशस्विनी योजना २०१८ मध्ये बंद पडली होती, ती २०२३ च्या सुरुवातीपासून पुन्हा चालू झाली आहे. ग्रामीण भागातील चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला ५०० रुपये वर्गणी आणि पाच लाखांपर्यंतचे उपचार, असे तिचे स्वरूप पुनरारंभाच्या वेळी ठरले. नोंदणी वर्षातील ठरावीक काळातच होते, म्हणून सोसायटीच्या सचिवांना आजच तारीख विचारून ठेवा.

कोल्हापूरचा प्रश्न आपल्या सीमाभागात मला रोज विचारला जातो. निपाणीचा माणूस कोल्हापूरला जातो, अथणी-रायबागचा मिरजेला, खानापूरचा कधी बेळगावला तर कधी गोव्यात बांबोळीला. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून इकडच्या लोकांचा ओढा तिकडे आहे, आणि भाषेचा आधार हे त्याचे मोठे कारण आहे. पण रुग्ण सीमा ओलांडतो तसे त्याचे कार्ड ओलांडत नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. कर्नाटक सरकारने त्याला विरोध केला आणि जानेवारी २०२४ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील नोंदणी केंद्रे प्रशासनाने बंद केली. दोन सरकारांच्या भांडणात आजारी माणसाचा अर्ज अडकतो, हे मी जवळून पाहिले आहे आणि त्याबद्दल मला मनापासून चीड आहे. बांबोळीच्या सरकारी रुग्णालयातही १ जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांकडून शुल्क घेतले जाते. केंद्राच्या यादीतील कुटुंबांचे आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यात चालते, परंतु राज्याने आपल्या खर्चाने समाविष्ट केलेल्या कुटुंबाचे तसे चालेलच, असे धरून चालू नये. म्हणून कोल्हापूरला गाडी काढण्याआधी त्या इस्पितळातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, फोन करून कार्डाचा क्रमांक प्रणालीत तपासायला सांगा, किंवा १४५५५ वर विचारा. तुमच्या बाबतीत कोल्हापूरला खोली तीन हजारांच्या आत मिळाली असती तर खर्च वाचला असता; साडेचार हजारांची घेतली असती तर हीच कपात तेथेही झाली असती.

भाषेबद्दल एवढेच सांगतो, की आपल्याकडे इस्पितळातील कर्मचारी बहुधा मराठी बोलतात, पण सही घेतात ती इंग्रजी किंवा कन्नड कागदावर. सही करण्याआधी कागद मराठीत समजावून मागावा आणि सहीखाली आपल्या हाताने "मराठीत समजावले, खर्चाचा अंदाज अमुक," असे लिहावे. घरातील शिकलेला माणूस डिस्चार्जच्या दिवशी भांडायला बोलावतात. तो पहिल्या रात्री हवा. दर दुसऱ्या दिवशी बिलिंग काउंटरवरून तोवरचे बिल मागून घ्यावे. चौथ्या दिवशी दिसलेली चूक सहज दुरुस्त होते, सहाव्या दिवशी ती कोणी ऐकून घेत नाही.

आता पुढचे काम. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहा. त्यात २७,५०० रुपयांचा वरील हिशेब, २०२० च्या नियमाचा उल्लेख आणि अंतिम बिलाची प्रत जोडा. डॉक्टरांनी सकाळी दहाला सोडले आणि मंजुरी रात्री नऊला आली, असे तुम्ही लिहिले आहे. मे २०२४ च्या परिपत्रकानुसार अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी लागते आणि त्यापुढील विलंबाने वाढलेला खर्च कंपनीने सोसायचा असतो. पण हे घड्याळ इस्पितळाने कागद पाठवल्यापासून चालू होते, आणि माझ्या अनुभवात निम्मा वेळ इस्पितळातच, डिस्चार्ज समरी टाइप होण्यात आणि मेडिकलची मंजुरी येण्यात जातो. विमा विभागाकडून कागद पाठवल्याची वेळ लेखी घ्या. ती संध्याकाळी सहाच्या आधीची असेल, तर त्या दिवसाच्या भाड्यातील कापलेले १,५०० रुपयेही मागा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर बेंगळुरूच्या विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत अर्ज करता येतो. त्याला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. इस्पितळाविरुद्धचा ऑर्थो किट आणि औषधांचा मुद्दा न सुटल्यास ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांची मुदत आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे जाता येते. म्हणजे उद्या कोल्हापुरातील किंवा मिरजेतील इस्पितळाबद्दल तक्रार असली, तरी ती बेळगावात दाखल करता येईल.

तारण सोडवण्याची तारीख जवळ असेल, तर लोकपालाच्या निकालाची वाट पाहू नका. तो लागायला काही महिने जातात. आणि वडिलांच्या फिजिओथेरपीची, वॉकरची, पुढच्या एक्स-रेची सगळी पावती-बिले डॉक्टरांच्या चिठ्ठीसह एका पाकिटात ठेवा. तुमच्या पॉलिसीत घरी गेल्यानंतरच्या ६० दिवसांचा खर्च धरलेला आहे. वॉकर कदाचित नाकारतील, पण बाकीच्या रकमेचा दावा तुम्ही अजून केलेलाच नाही.